आत्या बसली की विझणारा दिवा

दिवा: लागलेला

किल्ली फिरवली. सेल्फ मारला. इंजिन सुरू झालं. आणि दिवा तसाच.

लाल. बॅटरीचं ते छोटंसं चित्र, दोन शिंगं फुटलेल्या डब्यासारखं. गाडी सुरू झाली की त्याने विझायचं असतं. विझला म्हणजे बॅटरी चार्ज होतेय. नाही विझला म्हणजे होत नाहीये, आणि आपण साठवणीवर जगतोय. एवढंच त्याला बोलता येतं, पण ते तो फार ठणकावून बोलतो.

"बघ," मी म्हटलं.

"बघतेय," आत्या म्हणाली. "उतर."

मी इंजिन बंद केलं आणि उतरले. आत्या चढली. आधी एक गुडघा, मग एक शिवी, मग दुसरा गुडघा. तिने आरसा स्वतःच्या उंचीला फिरवला, सीट पुढे ओढली, किल्ली फिरवली, सेल्फ मारला, आणि दिवा

दिवा: विझलेला

गेला. असा गेला की जणू कधी लागलाच नव्हता.

"बघ," आत्या म्हणाली.

मी काय बघणार. 

"गाडी तुला मानवत नाही, फणे. काहींना मानवत नाही. त्यात लाज वाटायचं कारण नाही."

मी केस कापते म्हणून आत्या मला फणी म्हणते. लाडात आली की फणी, चिडली की फणे, आणि आज सकाळपासून फणेच चाललं होतं.

दिवा: मध्येच थांबून, ही गाडी कुणाची ते

आत्याची. माझी नाही. हे आधी सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

आत्याने वर्षानुवर्षं या गाडीतून बेकरीचे पाव दुकानांत पोचवले. गुडघे बोलायला लागल्यावर तिने गाडी मला वापरायला दिली. आता गाडीच्या पोटात पावाच्या ट्रेऐवजी माझी खुर्ची आहे, जमिनीला बोल्टने आवळलेली. समोर आरसा. आरशाखाली फळी, फळीवर बाटल्या: तेलाच्या, पाण्याच्या, त्या निळ्या औषधाच्या ज्यात कंगवे बुडवून ठेवतात. मी दारोदार जाते. ज्यांना अंथरुणातून जेमतेम दारापर्यंत येता येतं त्यांच्याकडे. तान्हं बाळ सोडून जाता येत नाही त्यांच्याकडे. कारखान्याच्या फाटकाशी, जेवणाच्या सुट्टीत. लोक खिडकीतून माझी गाडी बघतात आणि डोक्यावरून हात फिरवतात, म्हणजे त्यांना आठवतं की वाढलेत.

गाडी नसेल तर? तर पुन्हा त्या लांबलचक काचेच्या सलूनमध्ये, जिथे मी फक्त दुसऱ्यांनी कापायची डोकी धुऊन द्यायची आणि मालक मागून "हं, पुढचं" म्हणायचा. मी तिथल्या माणसांची तोंडं कधी बघितलीच नाहीत. नुसती उलटी कपाळं.

आणि गाडी दोनदा बंद पडली. दोन्ही वेळा अशीच: दिवा लागलेला, मी किल्ली फिरवली, आणि सेल्फ नुसता टक. एकदा तर एका बाईंचे अर्धेच केस कापून झाले होते आणि आतले दिवेच गेले. त्यांनी अर्ध्या केसांनी माझ्या गाडीला धक्का मारला. दुसरा हात आत्याचा होता, कारण मी तिलाच फोन केला होता. तिचा गुडघा त्यानंतर पुष्कळ दिवस सुजलेला होता.

म्हणून काल आत्या म्हणाली: "गाडी विकत मागणाऱ्या त्या पेंटरला हो म्हटलंय. उद्या दुपारी गॅरेजवरच गाडी बघायला येतोय. त्याला शिड्या न्यायला हवीच आहे."

"आणि मी?"

"तोवर दुरुस्त झाली तर बघू. तुला जमत नसेल तर ओढाताण कशाला? तुझी पण, माझी पण."

तर दुपारपर्यंत. दुपारपर्यंत मला कळायलाच हवं की हा दिवा माझ्याशीच का असा वागतो.

दिवा: ज्याच्याविषयी सगळ्यांना सगळं माहीत आहे

माझा दादा (फोनवर): "दिवाच खोटं बोलत असणार. तू लक्ष देऊ नकोस ना."

आत्या: "ती केस वाळवायची भानगड बॅटरी पिते."

मी: "ती भानगड मी लोकांच्या घरातून वायर ओढून चालवते, आत्या."

आत्या: "मग आरशाचे दिवे पितात."

पलीकडचे काका, त्यांना कुणी विचारलं नव्हतं: "बेल्ट!"

दादा: "टेप लाव त्याच्यावर. काळी टेप. दिसला नाही की झालं."

काका: "बेल्ट सैल असला की असंच होतं. आमच्याकडे पण बेल्टच होता."

आत्या: "तुमच्याकडे गाडी कधी होती?"

काका: "पिठाची गिरणी होती."

दिवा: उस्तादांसमोर

उस्तादांचं गॅरेज म्हणजे एक पत्र्याचं छप्पर, एक खड्डा, एक मांजर आणि भिंतभर पाने-पकडी, प्रत्येकाभोवती खडूने त्याचीच आकृती काढलेली. उस्ताद गाडीकडे न बघता आधी गाडीचा आवाज ऐकतात. आत्या त्यांना तिच्या पावाच्या दिवसांपासून ओळखते. गेल्या वेळी गाडी बंद पडली तेव्हा त्यांनीच डायनामो उघडून कार्बन बदलले होते. (अल्टरनेटर. पण गॅरेजात त्याला कुणी अल्टरनेटर म्हणत नाही.)

"पुन्हा?" उस्ताद म्हणाले.

"पुन्हा," मी म्हटलं.

"बेल्ट का?" म्हणत त्यांनी बेल्ट अंगठ्याने दाबून बघितला. काका जिंकणार की काय, असं क्षणभर वाटलं. "नाही. बेल्ट ठीक आहे."

मग त्यांनी मीटर आणलं, त्याच्या लाल-काळ्या सुया बॅटरीच्या दोन टोकांना लावल्या, मला मीटरच्या काचेसमोर उभं केलं आणि स्वतः आत बसले. "आकडा सांग. तेरा-चौदा व्होल्टच्या पुढे गेला तर चार्ज होतेय. बाराच्या आसपास रेंगाळला तर नाही." किल्ली. सेल्फ. आणि मग, उस्ताद नेहमी करतात तसं, इंजिन एकदा मोठ्याने घुमलं. मांजर उठून खड्ड्यात गेलं.

"चौदा पूर्णांक दोन!" मी ओरडले.

"दिवा?"

"तो तुमच्याच समोर आहे की!"

"विझलाय. मग झालं," उस्ताद उतरत म्हणाले. "गाडी ठणठणीत आहे, पोरी. तिला काही झालेलं नाही."

आत्याने माझ्याकडे असं बघितलं जसं डॉक्टरने 'पोटात काही नाही, शाळा बुडवायची होती' म्हटल्यावर आई बघते.

"उस्ताद, मी सुरू करू का? तुम्ही बघा फक्त."

"कर."

मी बसले. किल्ली. सेल्फ. इंजिन हळूच जागं झालं, फळीवरच्या बाटल्या एकमेकींना जेमतेम टेकल्या.

लाल.

"उस्ताद! आकडा!"

उस्ताद मीटरवर वाकले. चष्मा वर केला. चष्मा खाली केला. "बारा पूर्णांक एक," ते म्हणाले, आणि हे त्यांनी इतक्या हळू म्हटलं की मला आनंदाने उडीच मारावीशी वाटली. बारा! चार्ज होत नाहीये! म्हणजे दिवा खोटं बोलत नव्हता! म्हणजे मी वेडी नव्हते!

"बंद कर. मी करतो."

घूं. विझला. चौदा पूर्णांक दोन.

"तू कर."

लाल. बारा पूर्णांक एक.

"बाई, तुम्ही करा."

आत्या चढली. गुडघा, शिवी, गुडघा. घूंऽऽ. विझला. चौदा पूर्णांक तीन.

"मी म्हटलं नव्हतं?" आत्या वरूनच म्हणाली. "मी काय वेगळं सांगत होते?"

उस्तादांनी माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. "तुझ्या खिशात चुंबक-बिंबक नाही ना?"

मी खिसे उलटे केले. दोन चाप, एक कंगवा, खूप केस.

दिवा: ज्याच्याकडे आता बघायचंच नाही

सगळेजण दिव्याकडे बघत होते. मीही. लाल आहे, नाही, आहे, नाही. आणि मला एकदम वाटलं: दिव्याकडे बघून दिवाच दिसणार. माणसाच्या केसांत भोवरा कुठे आहे ते शोधायचं तर मी केसांकडे बघत नाही, केस कुठल्या बाजूला पडायचा हट्ट धरतात ते बघते.

"आत्या, पुन्हा एकदा."

"पुन्हा? आकाशपाळणा आहे का हा?"

"एकदाच. प्लीज."

ती कुरकुरत वळली आणि मी तिच्या दाराशी उकिडवी बसले. डोकं तिच्या पायांच्या पातळीवर.

तीच गोष्ट, पण गुडघ्याच्या खालून

डावा पाय क्लचवर. चप्पल जुनी, टाच झिजलेली.

उजवा पाय हवेत.

किल्लीचा आवाज. सेल्फचा आवाज.

आणि उजवा पाय, जो आत्तापर्यंत म्हातारा होता, दुखरा होता, ज्याला चढताना शिव्या लागत होत्या, तो पाय एकदम तरुण झाला. धाडकन खाली आला. एक्सलेटर पार तळाला. एक क्षण. मग वर. मग गाडी गपगुमान चालू राहिली.

एवढंच.

मी इतक्या जोरात उठले की डोकं दारावर आपटलं.

दिवा: विझलेला! विझलेला! विझलेला!

"रेस!" मी ओरडले. "आत्या, तू रेस देतेस!"

"मग काय आरती ओवाळू? सुरू केल्यावर रेस द्यायचीच असते. इंजिनाला उठवावं लागतं. पहाटेच्या थंडीत कोण उठवणार त्याला?"

"उस्ताद, तुम्ही पण देता!"

"देतो. सगळेच देतात. आवाज कळतो."

"मी नाही देत!"

मी नाही देत! मी कधीच नाही देत! कारण माझ्या फळीवर बाटल्या आहेत. पहिल्याच आठवड्यात, एक आजोबा खुर्चीत असतानाच गाडी सावलीत घ्यायची म्हणून मी ती आत्यासारखी सुरू केली होती आणि ती निळी बाटली थेट त्यांच्या मांडीवर गेली होती. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला. हळू सुरू, हळू निघायचं, गियर लवकर बदलायचा, गल्ल्यांतून असं जायचं की आरशातला माणूस हलला नाही पाहिजे. हलका पाय. माझ्या कामाचा सगळा अभिमान त्या हलक्या पायात आहे.

मी चढले. किल्ली. सेल्फ. लाल. आणि मग मी माझा पाय, माझा हलका, शहाणा, अभिमानी पाय उचलला आणि आत्यासारखा

घूंऽऽऽ

एक बाटली पडली, कंगव्यांचा डबा पडला, मांजर खड्ड्यातून थेट रस्त्यावर गेलं, आणि दिवा विझला. माझ्यासाठी! माझ्या हातात!

"चौदा पूर्णांक दोन!" उस्तादच आता ओरडत होते.

मी उतरून आत्याला मिठी मारली. ती म्हणाली, "अगं, पाय, माझा पाय," कारण मी तिच्या पायावरच उभी होते.

दिवा: पण

"मग झालं तर," आत्या म्हणाली. "रेस देत जा. प्रश्न मिटला."

माझा फुगलेला ऊर जिथल्या तिथे थांबला.

"रेस दिली तर बाटल्या पडतात, आत्या. आणि मी दिवसातून किती वेळा गाडी बंद-चालू करते! प्रत्येक दाराशी. कुणाच्या घरात बाळ झोपलेलं, कुणाची बायपास झालेली, आणि मी खाली घूं घूं करू?"

"मग पेंटर करेल. त्याच्या शिड्यांना काही होत नाही."

उस्ताद मात्र हसत नव्हते. ते बोनेटला टेकून उभे होते आणि हाताला लागलेलं ग्रीस कापडाने पुन्हा पुन्हा पुसत होते, ग्रीस कधीच निघून गेलं होतं तरी.

"बाई, तुमच्या वेळी ती बेकरीतली मुलगी चालवायची ना अधूनमधून? तिला रेस द्यायची सवय होती?"

"तिला? ती तर अशी चालवायची जणू गाडीत अंडी ठेवलीत. मी तिला म्हणायचे, अगं पाव आहेत, पाव."

"आणि दिवा?"

आत्याने बोटांवर काहीतरी मोजलं. माझी आत्या बोलण्याआधी विचार करत होती, हे इथे नोंदवून ठेवायला हवं. "नाही," ती शेवटी म्हणाली. "तिच्या वेळी नाही लागला कधी."

म्हणजे गाडी पूर्वी हलक्या पायालाही दाद देत होती. म्हणजे मधल्या काळात काहीतरी बदललंय. काय? डायनामो तोच. बेल्ट तोच. बॅटरी उस्तादांनीच तपासलेली. काय बदललं? मी बदलले, म्हणजे आत्याच्या जागी मी आले. आणि मी आले तेव्हा

"काय गं, सापडलं का भूत?"

दादा. हातात हेल्मेट, तोंडात कसलीतरी गोळी. माझा दादा पाट्यांच्या दुकानात कामाला आहे. रात्री चमकणाऱ्या पाट्या असतात ना दुकानांवर, हॉटेलांवर, त्या तो बनवतो. अंधार त्याला वैयक्तिक अपमान वाटतो. तो आला आणि खिडकीतून आत डोकावून आधी डॅशबोर्डच बघू लागला, जसा बाप शाळेच्या फाटकातून पोराला बघतो.

"अजून नवा दिसतोय," तो म्हणाला. "कॉकपिट."

आणि मी त्याच्याकडे बघितलं.

आणि मग त्याच्या नजरेच्या रोखाने डॅशबोर्डकडे.

निळा. निळा निळा निळा. सगळा डॅशबोर्ड गार निळ्या प्रकाशात, काटे पांढरे, आकडे पांढरे, आणि बॅटरीचा दिवा असा लाल की डोळ्यात बोट घालावं. आत्याच्या वेळी हा असा नव्हता. आत्याच्या वेळी तो पिवळट होता, मिणमिणता, चहा सांडल्यासारखा. मला गाडी मिळाली त्या आठवड्यात दादाने एका दुपारी सगळा उघडून, सगळे बल्ब काढून, भेट म्हणून

"दादा. तू इथे काय काय बदललंस?"

"सगळं! एलईडी. दुकानातलेच, उत्तमातले. ते म्हातारे बल्ब काढून टाकले सगळे."

"हा पण?" मी बॅटरीच्या चित्रावर बोट ठेवलं.

"तोच तर सगळ्यात छान झालाय."

दिवा: उस्ताद बोलतात तेव्हा

उस्तादांनी कापड खाली टाकलं. कपाळावर हात मारला. मारला तो इतका जोरात की दादाने गोळी गिळली.

"अरे देवा," उस्ताद म्हणाले. "किल्ली फिरवली की दिवा लागतो, म्हणून मी म्हटलं दिवा बरा आहे. मी त्याच्याकडे बघितलंच नाही!"

"उस्ताद, काय झालं?" दादाने विचारलं.

"डायनामो स्वतः वीज बनवतो. बरोबर? पण त्यासाठी त्याच्या पोटात चुंबक लागतं. ते चुंबक विजेवर चालतं. म्हणजे वीज बनवायला आधी वीज हवी. चिमूटभर. ती कुठून मिळते?"

आम्ही तिघं शाळेतल्यासारखे उभे. 

"बॅटरीतून. कुठल्या वाटेने?" उस्तादांनी खिडकीतून हात आत घालून त्या लाल चित्रावर टिचकी मारली. "या वाटेने! या दिव्यातून! हा नुसता चहाडखोर नाही. बल्ब पेटतो तेव्हा त्याच्यातून जी वीज पुढे जाते, तीच डायनामोला जागं करते. जुना बल्ब खादाड असतो. तो भरपूर वीज घ्यायचा, भरपूर पुढे पाठवायचा. आणि तुझा हा एलईडी..."

"कमी पितो," दादा पुटपुटला. "पाकिटावर लिहिलेलंच असतं. वीज वाचवा."

"वाचवली तू! इतकी वाचवली की डायनामोला उपाशी ठेवलास. आता त्याला जोरात गरगर फिरवलं, तर अंगातल्या उरल्यासुरल्या चुंबकावरच उठतो. एकदा उठला की मग गाडी बंद करेपर्यंत झोपत नाही. म्हणून रेस दिली की विझतो."

"आणि हळू सुरू केली की झोपलेलाच," मी म्हटलं.  मला वाटत होतं मी कुणाच्यातरी घरात आत शिरून सगळ्या खोल्या एकदम बघितल्यात. दिवा बातमी देत नव्हता फक्त. दिवा काम करत होता! बिचारा इतके दिवस कामाला लावलाय आणि उपाशी, आणि आम्ही त्याच्यावर टेप लावायला निघालो होतो!

"मी तर भेट म्हणून..." दादा म्हणाला.

"गप रे," आत्या म्हणाली, पण मायेने. मग एकदम तिच्या लक्षात आलं. "थांबा. म्हणजे तो जुना बल्ब होता तेव्हा रेस न देताच सगळं चालायचं?"

"चालायचं की."

"म्हणजे मी इतकी वर्षं रोज पहाटे सगळ्या गल्लीला उठवायचे ते...?"

"उगाच," उस्ताद म्हणाले.

आत्याने हे मनाला लावून घेतलं. ती एका टायरवर जाऊन बसली.

दिवा: काढलेला

जुना बल्ब हवा. आत्ता. पेंटर येईलच.

दादाने काढलेले बल्ब कधीच कचऱ्यात गेले होते. उस्तादांनी डबे उपसले. हेडलाइटचे बल्ब, मागचे बल्ब, एक कुणाच्यातरी सायकलचा. तेवढा इवलासा एकही नाही. त्यांनी एक डबा पालथा केला आणि त्यातून फक्त एक दात निघाला, कुणाचा ते त्यांनाही आठवेना.

"दुकानातून आणतो," दादा हेल्मेट घालायला लागला.

"थांब," मी म्हटलं. "तू गाडीतले सगळे बदललेस? सगळे?"

"आतले सगळे."

"बाहेरचे?"

"बाहेरचे कशाला? तुला कुठे दिसणार होते ते."

मी आणि उस्ताद एकाच वेळी पुढच्या चाकाकडे धावलो. चाकाच्या वर, पत्र्याला चिकटलेला बाजूचा छोटा इंडिकेटर. उस्तादांनी त्याची काच अंगठ्याने सरकवली. आत, धुळीत, पिवळट, म्हातारा, साधा तारेचा बल्ब. बूड तेवढंच. मी त्याच्याकडे असं बघत होते जसं लोक बारशाला बाळाकडे बघतात.

"थोडा मोठा आहे, जास्त झगझगेल," उस्ताद म्हणाले. "आजचं भागेल. उद्या बरोबर मापाचा घालू, आणि हा परत जागेवर."

डॅशबोर्ड दादाने उघडला. त्याला प्रत्येक खटका कुठे आहे ते पाठ होतं. एलईडी काढला, बल्ब बसवला. तेवढ्यात मागून आवाज आला:

"हीच का गाडी?"

पेंटर. खांद्यापर्यंत केस, केसांत तीन रंग, आणि भुवईत पांढरा.

दिवा: ?

 मी सीटवर बसले होते. आत्या टायरवरून उठून माझ्या शेजारच्या सीटवर आली. उस्ताद मीटरवर. दादा खिडकीत. पेंटर कुठे उभं राहावं ते न कळून मागे.

"हलका पाय," मी स्वतःलाच म्हटलं.

किल्ली. दिवा लागला. लाल नव्हे, तांबूस, ऊबदार, पिकलेला. सेल्फ. इंजिन हळूच उठलं. माझा उजवा पाय मी पूर्णपणे उचलून सीटखाली दुमडून घेतला, कुणी म्हणायला नको. बाटल्यांचा आवाज नाही. घूं नाही. आणि

आणि

दिवा: विझलेला

स्वतःहून! नुसत्या गुणगुणण्यावर! पाय जमिनीलासुद्धा न लागता!

"चौदा!" उस्ताद ओरडले. "चौदा पूर्णांक एक! हललं नाही! पुन्हा कर!"

पुन्हा. विझला. पुन्हा. विझला. दादा दारावर थापा मारत होता. मी खिडकीतून अर्धी बाहेर येऊन त्याचे केस विस्कटले, मीच कापलेले.

"म्हणजे आता काही बिघाड नाही?" पेंटरने विचारलं.

"आता?" उस्ताद छाती फुगवून म्हणाले. "आता ही कुठल्याही पायाने चालेल."

"अरे वा! मग तर मी घेतोच," पेंटर म्हणाला. "बिघडलेली म्हणून मी जरा कचरत होतो."

सगळं थांबलं. इंजिन सोडून.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी सकाळपासून जीव तोडून ती गाडी दुरुस्त केली होती आणि दुरुस्त करकरून ती त्याच्यासाठी तयार करून ठेवली होती.  मी आत्याकडे बघितलं. आत्या दिव्याकडे बघत होती, जिथे आता काहीच नव्हतं.

"फणी," ती म्हणाली. फणी! "आतले सगळे दिवे लाव. आरशाचे पण. पंखा पण."

मी लावले. उस्तादांनी आकडा सांगितला. जरासा खाली गेला, वर आला, चौदावर बसला. दिवा विझलेलाच.

"बसा," आत्या पेंटरला म्हणाली.

"कुठे?"

"त्या खुर्चीत. एवढे लांब आलात. आणि आरशात बघा एकदा."

पेंटरने बघितलं. डोक्यावरून हात फिरवला. बसला. मी कापड झटकून त्याच्या गळ्याभोवती बांधलं आणि कात्री उचलली. कात्री हातात आली की माझे हात माझं ऐकत नाहीत, तिचं ऐकतात.

"मी काय म्हटलं होतं काल?" आत्या पुढच्या सीटवरूनच, मान न वळवता म्हणाली. "तिला जमत नसेल तर. असंच म्हटलं होतं ना मी?"

"हो," मी म्हटलं. पेंटरचा एक निळा केस खाली पडला.

"तिला जमतं. मला इतकी वर्षं जमलं नाही ते तिला जमतं. मी नुसती गाडीला लाथ घालत होते." ती पेंटरकडे वळली. "गाडी विकायची नाही, भाऊ. माफ करा. केस मात्र फुकट. मागून किती ठेवायचे ते सांगा तिला."

"मानेपर्यंत," पेंटर म्हणाला. मग आरशात बघून, "नाही, अजून थोडे कमी."

दिवा: जातानाचा

परत निघालो तेव्हा आत्या शेजारी होती आणि दादा मागे खुर्चीत, कापड बांधूनच, कारण त्याला तसं राजासारखं वाटतं. मला फाटकाशी जायचं होतं. जेवणाची सुट्टी चुकली होती, पण दुसरी पाळी सुटायची होती अजून, आणि तिथे डोकी माझी वाट बघत होती.

मी पहिल्या गियरमध्ये हळूच निघाले. बाटल्या गप्प. आरसा स्थिर. डॅशबोर्ड निळा, आणि निळ्यात एका जागी काळोख, जिथे दिवा आपलं काम उरकून विझून बसला होता.

गॅरेजचा चढ आला. आत्या समोर बघत होती, हात मांडीवर, चेहरा निर्विकार. पण तिचा उजवा पाय, तो झिजलेल्या टाचेचा, खालच्या रबरी चटईवर जोर लावून दाबत होता. दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता.

 चढ संपेपर्यंत आम्ही दोघींनी मिळून गाडी चालवली.